मनोविकारांची यादी कोण ठरवते?

नववी-दहावीच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. हिवताप हा आजार आहे की नाही, हे मतदान घेऊन ठरवता येईल का? बहुतेक मुले हसतील. हिवतापाचे परजीवी रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. सगळ्या गावाने एकमताने ठराव केला तरी ते नाहीसे होणार नाहीत.

मग दुसरी हकीकत सांगावी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या विश्वस्त मंडळाने डिसेंबर १९७३ मध्ये समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून काढून टाकली. काही सभासदांना हे मान्य नव्हते. म्हणून १९७४ साली सर्व सभासदांचे मतदान घेण्यात आले. सुमारे ५८ टक्के मते निर्णयाच्या बाजूने पडली, ३७ टक्के विरुद्ध. निर्णय कायम राहिला. लाखो माणसांचा 'आजार' असा एका ठरावाने संपला. त्यासाठी कोणाला औषध घ्यावे लागले नाही, की कोणाच्या वागण्यात काही फरक पडला नाही.

हे विज्ञान म्हणावे का? की मनोविकारशास्त्र हा सगळाच बहुमताचा खेळ आहे? दोन्ही प्रश्नांना घाईने उत्तर देणे चुकीचे ठरेल. शिक्षकांना या प्रश्नांशी काय कर्तव्य, असेही वाटण्याचा संभव आहे. पण आज 'अतिचंचलता', 'स्वमग्नता', 'अध्ययन-अक्षमता' हे शब्द शिक्षकांच्या खोलीत रोज वापरले जातात, आणि कित्येकदा मुलाकडे तज्ज्ञांचे लक्ष पहिल्यांदा वेधतात ते शिक्षकच. हे शब्द कोठून येतात आणि कसे बदलतात, हे त्यांना माहीत असायला हवे.

पुस्तक आणि त्याची गरज

हे शब्द मुख्यतः दोन ग्रंथांतून येतात. एक, जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दुसरा, वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संघटनेचा निदानग्रंथ. तो 'डी. एस. एम.' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याची पहिली आवृत्ती १९५२ साली निघाली, तेव्हा ते सुमारे १३० पानांचे पुस्तक होते. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीची पाने पाचशेच्या घरात गेली. २०१३ ची पाचवी आवृत्ती ९४७ पानांची आहे, आणि २०२२ साली तिचीही सुधारित आवृत्ती निघाली. नुसत्या पानांवरून आजार तितके वाढले असा निष्कर्ष काढू नये, कारण प्रत्येक आजाराचे वर्णनही लांबले आहे. तरीही यादी वाढत आली, हे खरेच.

असे पुस्तक मुळात लागते कशाला? याचे उत्तर १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. काही रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांना दाखवून निदान विचारण्यात आले. त्यांतील एका रुग्णाबाबत ६९ टक्के अमेरिकन तज्ज्ञांनी 'स्किझोफ्रेनिया' असे निदान केले. ब्रिटिश तज्ज्ञांपैकी तसे निदान करणारे होते फक्त २ टक्के. रुग्ण तोच, चित्रफीत तीच, भाषाही एकच. अटलांटिक महासागर ओलांडला की आजार बदलत होता.

हा नुसता शब्दांचा घोळ नव्हता. उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या रुग्णांना लिथियमच्या क्षारांचा उपयोग होतो, हे १९४९ पासून पुढे येत गेले होते आणि अमेरिकेत या औषधाला १९७० साली मान्यता मिळाली. अशा रुग्णावर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला, तर उपयोगी पडणारे औषध त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हते. निदानाच्या शब्दांवर एकमत असणे ही म्हणूनच रुग्णाच्या हिताची गोष्ट होती.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता

या गोंधळावर उपाय म्हणून १९८० ची तिसरी आवृत्ती तयार झाली. तिचे प्रमुख होते रॉबर्ट स्पिट्झर. त्यांनी केलेली सुधारणा शिक्षकांना चटकन समजेल, कारण निबंधाच्या प्रश्नाऐवजी गुणदान-तक्ता देण्यासारखीच ती होती. आधीच्या आवृत्त्यांत प्रत्येक आजाराचे सैल वर्णन असे. आता लक्षणांची यादी आली, किती लक्षणे हवीत तो आकडा आला आणि ती किती काळ टिकायला हवीत ती मुदतही आली. उदाहरणार्थ, तीव्र नैराश्याच्या निदानासाठी नऊ लक्षणांपैकी निदान पाच लक्षणे, किमान दोन आठवडे हवीत. त्यांत उदास मन किंवा कशातच रस न वाटणे, या दोहोंपैकी एक तरी असलेच पाहिजे.

बी. एड.च्या अभ्यासक्रमात आपण चाचणीचे दोन गुण शिकतो: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तीच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी तपासली आणि गुण सारखे आले, तर चाचणी विश्वसनीय. जे मोजायचे म्हणतो तेच ती मोजत असेल, तर ती सप्रमाण. विज्ञानाची समज मोजण्यासाठी अक्षराच्या वळणाला गुण दिले, तर दोन परीक्षकांचे एकमत कदाचित होईल, पण मोजले जाईल ते भलतेच. तिसऱ्या आवृत्तीने विश्वसनीयतेचा ध्यास घेतला. सप्रमाणता पुढे संशोधनातून येईल, अशी आशा होती. या पुस्तकावरील माझी मुख्य टीका येथेच आहे. ती आशा बहुतांशी पुरी झालेली नाही, तरी आपण ती पुरी झाल्यासारखे वागतो.

नैराश्याच्या नियमावर गणिताच्या तासाला एक उदाहरण घालता येईल. नऊपैकी पाच किंवा अधिक लक्षणे, आणि पहिल्या दोहोंपैकी निदान एक, या अटी किती प्रकारे पुऱ्या होतील? नऊपैकी पाच, सहा, सात, आठ किंवा नऊ निवडण्याचे प्रकार १२६ + ८४ + ३६ + ९ + १, म्हणजे २५६. त्यांतून पहिली दोन्ही लक्षणे नसलेले २१ + ७ + १, म्हणजे २९ प्रकार वजा केले की उरतात २२७. एकाच नावाखाली २२७ वेगवेगळी लक्षणचित्रे! पाच-पाच लक्षणांच्या दोन रुग्णांत समान असे एकच लक्षण असू शकते. एकाला झोप येत नाही, भूक नाही. दुसरा दिवसभर झोपतो आणि भरमसाट खातो. नाव मात्र दोघांना एकच. त्यांच्या मेंदूत एकच बिघाड असेल असे मानायला आधार काय?

शिवाय एकमताचे उद्दिष्ट तरी कितपत साधले? दोन तज्ज्ञांचे एकमत योगायोगापेक्षा किती अधिक आहे, हे 'कप्पा' नावाच्या गुणकाने मोजतात. पूर्ण एकमत असेल तर कप्पा १ येतो. नुसत्या योगायोगाने होईल तेवढेच एकमत असेल तर ०. पाचव्या आवृत्तीपूर्वी प्रत्यक्ष रुग्णालयांत चाचण्या घेतल्या गेल्या. स्वमग्नतेसाठी कप्पा ०.६९ आला, भीषण आघातानंतरच्या ताणविकारासाठी ०.६७. हे आकडे बरे म्हणता येतील. स्किझोफ्रेनियासाठी तो ०.४६ होता. आणि जगात सर्वाधिक उच्चारल्या जाणाऱ्या तीव्र नैराश्यासाठी केवळ ०.२८. असे परीक्षक आपल्या बोर्डाने नेमले असते, तर पालकांनी पुनर्तपासणीसाठी रांगा लावल्या असत्या.

नवा आजार यादीत कसा येतो?

यादीत भर घालण्याची रीत साधारण अशी आहे. एखाद्या त्रासाचे वर्णन करणारे लेख वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागतात. तज्ज्ञांचा एक गट ते अभ्यासतो, निकष सुचवतो. पुरावा अपुरा वाटला, तर तो प्रकार 'अधिक अभ्यास हवा' अशा परिशिष्टात ठेवतात. इंटरनेटवरील खेळांचे व्यसन २०१३ साली अमेरिकन ग्रंथाच्या अशाच परिशिष्टात गेले. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र खेळांच्या व्यसनाला आपल्या अकराव्या आवृत्तीच्या मुख्य यादीतच जागा दिली. शेवटी मंडळाची मंजुरी मिळते आणि आजार छापला जातो.

या वाटेवर पुराव्याखेरीज इतर हातही लागतात. आघातानंतरचा ताणविकार १९८० साली यादीत आला, त्यामागे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांची चळवळ होती. तेथे चळवळीने एका खऱ्या दुःखाला नाव मिळवून दिले. दुसरा हात औषध कंपन्यांचा. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीसाठी काम केलेल्या १७० तज्ज्ञांपैकी ९५ जणांचे, म्हणजे ५६ टक्क्यांचे, औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. नैराश्यादी भावविकार आणि स्किझोफ्रेनिया या गटांत तर असे संबंध प्रत्येक सभासदाचे होते. संबंध होते म्हणून निर्णय चुकीचेच, असे सिद्ध होत नाही. पण ज्यांची औषधे प्रामुख्याने याच आजारांवर दिली जातात, त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्याने त्या आजाराची हद्द आखावी, हे आपल्या गावच्या पंचायतीतही कोणी चालवून घेणार नाही.

हद्दीचा प्रश्न किती अवघड आहे, ते शोकाच्या उदाहरणावरून कळते. चौथ्या आवृत्तीत अशी सूट होती, की जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर पहिले दोन महिने सहसा नैराश्याचे निदान करू नये. पाचव्या आवृत्तीने ही सूट काढली. चौथ्या आवृत्तीचे प्रमुख असलेले अ‍ॅलन फ्रान्सिस यांनीच नव्या आवृत्तीवर जाहीर टीका केली, की साध्या शोकालाही आता आजाराचे नाव मिळेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. नोकरी गेल्यावर किंवा घर मोडल्यावर आलेले नैराश्य आजार ठरते, मग मृत्यूनंतर तितक्याच तीव्रतेने आलेले का नाही? आणि त्या रुग्णाला मदत का नाकारायची?

पुढे २०२२ च्या सुधारित आवृत्तीत 'दीर्घ शोकविकार' हा नवा आजार दाखल झाला. मोठ्या माणसासाठी मुदत ठेवली बारा महिन्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथातही हाच आजार आहे, पण तेथे मुदत सहा महिन्यांची. म्हणजे पती जाऊन आठ महिने झालेली, शोकातून बाहेर न आलेली बाई एका ग्रंथानुसार आजारी ठरू शकते, दुसऱ्यानुसार नाही. तिच्या दुःखात काडीचाही फरक नाही. दोन्ही ग्रंथ असेही बजावतात, की शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे अधिक असावा. आपल्याकडे अनेक घरांत वर्षभर सण करत नाहीत, वर्षश्राद्धानंतर घर पुन्हा रुळावर येते. तेव्हा आठ महिन्यांचे मोजमाप करताना घरही पाहावे लागते. सहा किंवा बारा हे आकडे निसर्गात सापडलेले नाहीत. पस्तीस गुणांना उत्तीर्ण, चौतीसला अनुत्तीर्ण, तशी ती सोयीसाठी आखलेली रेघ आहे. रेघ लागते, हे आपण जाणतो. पण पस्तीस आणि चौतीस गुणांची मुले दोन वेगळ्या जातींची नसतात, हेही आपण जाणतो.

वर्गातील सर्वांत लहान मूल

आता वर्गाकडे येऊ. एका जागी न बसणारे, लक्ष न देणारे मूल पूर्वीही होते. अमेरिकन ग्रंथाने १९६८ साली त्याच्या वागण्याला 'बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया' म्हटले. १९८० साली भर चंचलतेवरून अवधानावर गेला आणि नाव झाले 'अवधान-अभाव विकार'. १९८७ साली दोन्ही एकत्र करून 'अवधान-अभाव व अतिचंचलता विकार' झाला. पुढे लक्षणे सात वर्षांच्या आत दिसायला हवीत ही अट होती, ती २०१३ साली बारा वर्षांपर्यंत सैल केली गेली. लक्षणयादीत 'अनेकदा' हा शब्द ठायी ठायी येतो. अनेकदा जागा सोडतो, अनेकदा विसरतो. अनेकदा म्हणजे किती वेळा? आणि कोणाच्या तुलनेत?

याच शेवटच्या प्रश्नाची परीक्षा काही संशोधकांनी मोठ्या हुशारीने घेतली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान असते आणि जानेवारीत जन्मलेले सर्वांत मोठे. तेथील ९ लाख ३७ हजारांहून अधिक मुलांची नोंद तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जानेवारीतील मुलग्यांपेक्षा डिसेंबरमधील मुलग्यांना हे निदान मिळण्याची शक्यता ३० टक्क्यांनी अधिक होती, मुलींत ७० टक्क्यांनी. अमेरिकेतील काही राज्यांत ही तारीख १ सप्टेंबर आहे. तेथे २०१८ च्या अभ्यासात ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दर दहा हजार मुलांत ८५.१ जणांना हे निदान मिळालेले दिसले, सप्टेंबरमधील मुलांत ६३.६ जणांना. जेथे १ सप्टेंबर ही तारीख नाही, त्या राज्यांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असा लक्षणीय फरक आढळला नाही.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. दोष ऑगस्ट महिन्याच्या हवामानात असता, तर फरक सगळीकडे दिसला असता. तो दिसला प्रवेशाच्या तारखेजवळ. मेंदूच्या कोणत्याही विकाराला शाळेची प्रवेश-तारीख माहीत असण्याचे कारण नाही. याचा सरळ अर्थ असा, की काही मुलांच्या बाबतीत, जवळजवळ वर्षाने मोठ्या असलेल्या वर्गमित्रांच्या मानाने त्यांचे कोवळे वय म्हणजेच आजार समजला गेला. मोठ्यांनी 'अनेकदा' हा शब्द वाचला आणि शेजारच्या बाकावरील मोठ्या मुलाशी तुलना केली.

यावरून हा विकार खोटा आहे असे मात्र ठरत नाही. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या, वर्गात सर्वांत मोठ्या असलेल्या मुलांतही दहा हजारी ६३.६ जणांना निदान होतेच. रस्त्यावर धावत सुटणारे, एक गणितही पुरे करू न शकणारे आणि त्यामुळे रोज मार खाणारे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा त्रास काल्पनिक वाटणार नाही. यापैकी अनेकांना योग्य उपचारांचा चांगला उपयोग होतो. प्रश्न रेघेजवळच्या मुलांचा आहे.

आणखी एक दोष आपल्या बोलण्यात शिरतो. 'हा एका जागी का बसत नाही?' 'त्याला अतिचंचलता आहे.' 'कशावरून?' 'तो एका जागी बसत नाही ना!' हे उत्तर वर्तुळात फिरते. लक्षणांच्या जुडग्याला दिलेले नाव त्याच लक्षणांचे कारण म्हणून पुढे येते. 'ताप का आला?' याला 'ज्वर झाला म्हणून' असे उत्तर विज्ञानाच्या शिक्षकाने चालवून घेऊ नये. ज्वराला हिवताप म्हणता येते ते परजीवी सापडल्यावर.

प्लूटो आणि माणूस

मतदानाचा मुद्दा अजून शिल्लक आहे. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढले. त्यावरून खगोलशास्त्र खोटे ठरले नाही. वर्गीकरण माणसे करतात, आणि त्यावर कधीतरी मते मोजावी लागतात. मतामागे पुरावा होता का, हे पाहायला हवे.

१९७३ च्या निर्णयामागे तो होता. समलैंगिक व्यक्ती मनोरुग्ण असतात, हे मत प्रामुख्याने उपचारासाठी किंवा तुरुंगात आलेल्या माणसांवरून बनले होते. दवाखान्यात बसून पाहिले, तर कोणताही गट आजारीच दिसणार! एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचार घेत नसलेले ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुष घेतले. त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांची उत्तरे नावे झाकून तज्ज्ञांपुढे ठेवली. कोण कोणत्या गटातला, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. पुरावा असा १६ वर्षे हाताशी होता. तो ऐकून घ्यायला मात्र निदर्शने व्हावी लागली. १९७२ च्या अधिवेशनात जॉन फ्रायर या डॉक्टरांना मुखवटा घालून आणि आवाज बदलून सांगावे लागले, की मी समलैंगिक आहे आणि मनोविकारतज्ज्ञही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हे पाऊल १९९० साली उचलले. भारतात सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ संबंधीचा निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये लागला. चळवळीने येथे विज्ञानाला बिघडवले नाही, जागे केले.

उलट बाजूचे उदाहरण १८५१ चे आहे. अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मनोविकार असतो असे मांडले आणि त्याला भारदस्त ग्रीक नावही दिले. तेथे पुरावा नव्हता, मालकांची सोय होती. अशा सोयीला आळा घालण्यासाठी भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट म्हटले आहे, की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी न जुळणे, एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही. हे कलम शिक्षकांनीही लक्षात ठेवावे.

प्लूटो आणि माणूस यांत एक मोठा फरक आहे. प्लूटोला आपले नाव कळत नाही. ग्रह म्हटले काय, बटुग्रह म्हटले काय, तो आपल्या कक्षेत फिरत राहतो. माणसाला दिलेले नाव माणूस ऐकतो, आणि त्याप्रमाणे बदलतो. १९९४ साली अमेरिकन ग्रंथात 'अ‍ॅस्पर्जर' हे निदान आले. अनेकांना त्या नावात स्वतःची ओळख सापडली, त्यांनी संघटना केल्या. २०१३ साली ते नाव काढून स्वमग्नतेच्या व्यापक पट्ट्यात मिसळले गेले, तेव्हा काहींना आपले घरच गेल्यासारखे वाटले. याउलट, ज्या मुलाला 'मंद' हे नाव पहिलीत चिकटले, त्याची दहावीत काय गत होते, हे शिक्षकांना सांगायला नको. नावामुळे सवलत मिळते, जसा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली स्वमग्न किंवा विशिष्ट अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. नावामुळे दारे बंदही होतात.

मग हे पुस्तक टाकून द्यावे का?

मुळीच नाही. एप्रिल २०१३ मध्ये, पाचवी आवृत्ती निघण्याच्या तोंडावर, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे तत्कालीन संचालक थॉमस इन्सेल यांनी जाहीरपणे लिहिले, की या ग्रंथाची दुबळी बाजू म्हणजे सप्रमाणतेचा अभाव. त्यांच्या संस्थेने मेंदूतील यंत्रणांवर आधारलेल्या वर्गीकरणासाठी संशोधन सुरू केले. पण दवाखान्यात वापरता येईल असा पर्याय त्यातून अजून हाती आलेला नाही. बहुतेक मनोविकारांचे निदान करणारी रक्ताची किंवा मेंदूच्या चित्राची चाचणी आजही नाही. तोवर एकमताची यादी असणे, काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरे.

यादीतला एखादा गट खरोखर उकलतो, तेव्हा काय होते त्याचेही उदाहरण आहे. वेडाच्या इस्पितळांत एकेकाळी 'सार्वदेहिक पक्षाघात' झालेले अनेक रुग्ण असत. भव्यतेचे भ्रम, मग बुद्धीचा ऱ्हास, शेवटी मृत्यू. १९१३ साली नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले. पुढे पेनिसिलिन आले आणि हा विकार दुर्मीळ झाला. पण जंतू सापडण्याआधी डॉक्टरांनी लक्षणांचे ते जुडगे नीट वर्णन करून वेगळे काढले होते, म्हणूनच जंतू कोठे शोधायचे ते कळले. चांगले वर्गीकरण हे असे काम करते. ते शोधाची सुरुवात असते. आपण त्याला शेवट समजलो की चूक होते.

म्हणून टीका करताना तोल सांभाळायला हवा. 'हे सगळे थोतांड आहे' असे ऐकून कोणी चालू औषध बंद केले, तर त्याचे परिणाम जिवावर बेतू शकतात. नावाची हद्द माणसांनी आखलेली असली, तरी वेदना माणसांनी कल्पिलेली नसते.

शिक्षकांनी करण्यासारखे काय? निदान करणे हे आपले काम नाही, निरीक्षण करणे आहे. पालकांना किंवा डॉक्टरांना चिठ्ठी देताना 'मुलगा अतिचंचल आहे' असे लिहू नये. 'पस्तीस मिनिटांच्या गणिताच्या तासात सहा वेळा उठला, चित्रकलेच्या तासात एकदाही नाही, असे तीन आठवडे पाहिले' असे लिहावे. मुलाची जन्मतारीख लिहावी, आणि वर्गातील इतरांच्या मानाने ते किती लहान आहे तेही. घरी काही घडले आहे का, नीट दिसते का, ऐकू येते का, झोप पुरी होते का, हे विचारावे. तज्ज्ञांनी निदान केलेच, तर मुलाला लागणारी सवलत विनातक्रार द्यावी आणि निदानाचा शब्द वर्गात उच्चारू नये. वर्षाने पुन्हा पाहावे, कारण मूल वाढते आणि यादीही बदलते.

यासाठी कोणतेही साधन लागत नाही. हजेरीपटात जन्मतारखांचा रकाना असतोच. या आठवड्यात तो एकदा उघडावा, आणि वर्गात ज्या मुलाला आपण सर्वांत अधिक वेळा 'शांत बस' म्हणतो, त्याच्या नावापुढची तारीख वाचावी.